स्फोटाची बातमी हाताळताना: ठाणे-नवी मुंबईच्या बातमीदारांसाठी आणि डेस्कसाठी

ठाणे जिल्ह्यात कुठेही मोठा आवाज झाला की कार्यालयात पहिला फोन वाचकाचा येतो आणि तो ‘बॉम्ब फुटला’ असेच सांगतो. घाबरलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. बातमीदाराने मात्र त्या क्षणी ‘स्फोट’ एवढाच शब्द लिहावा आणि ‘बॉम्बस्फोट’ हा शब्द पोलीस किंवा बॉम्बशोधक पथक अधिकृतपणे सांगेपर्यंत बाजूला ठेवावा. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसे दगावली, आणि दोन्ही वेळा ते रासायनिक कारखान्यातले स्फोट होते. आपल्या जिल्ह्यात आवाजाचे कारण बहुधा कारखाना, सिलिंडर किंवा ट्रान्सफॉर्मर असते.

जिल्ह्याच्या पानावर पंचवीस वर्षे काम केल्यावर मी हे नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींसाठी, तसेच स्वतःचे युट्यूब चॅनेल किंवा फेसबुक पेज चालवून शहराच्या बातम्या देणाऱ्यांसाठी लिहीत आहे. दहशतवादी हल्ल्याच्या बातमीत पहिल्या तासात लिहिलेला शब्द पुढे अनेक वर्षे एखाद्या माणसाला, घराला किंवा वस्तीला चिकटून राहतो, आणि तो नंतर आपल्याला परत घेता येत नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

पहिला तास

पहिल्या तासात वाचकाला ‘कोणी केले’ हे हवे असते, पण त्याला लागते ते वेगळेच. ठाणे स्टेशनवर अडकलेल्या माणसाला कर्जत-कसारा लोकल चालू आहेत की नाहीत, कोणता रस्ता बंद आहे, जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेले की आणखी कुठे, आणि घरचे माणूस सापडत नसेल तर कोणत्या क्रमांकावर विचारायचे, हे कळणे गरजेचे असते. ही माहिती स्वतः फोन करून, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून आणि रेल्वेकडून खात्री करून, सर्वांत वर द्यावी. बाकी सारे खाली.

मृतांचा आकडा कधीही एकटा लिहू नये. ‘रात्री नऊ वाजेपर्यंत पोलीस आयुक्तालयाने दिलेल्या माहितीनुसार’ असे सांगणारा आणि वेळ दोन्ही त्याच्यासोबत असावेत, म्हणजे दहा वाजता आकडा बदलला तरी आपली नऊची बातमी खोटी ठरत नाही. पोलीस आणि रुग्णालय वेगवेगळे आकडे देत असतील तर दोन्ही नावानिशी द्यावेत. मोठा आकडा निवडण्याचा मोह टाळावा. ‘शेकडो ठार झाल्याची भीती’ हे वाक्य कोणाच्याही तोंडचे नसेल तर ते आपलेच आहे, आणि आपल्याला ते लिहिण्याचा अधिकार नाही.

अफवा हाताळण्याचा धडा आपल्या शेजारीच घडला आहे. १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथे लष्करी तळावर हल्ला झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, उरणमधील शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले. नवी मुंबई पोलीस, नौदल आणि इतर यंत्रणांनी मोठी शोधमोहीम हाती घेतली, शाळा बंद ठेवल्या गेल्या, रेखाचित्र प्रसिद्ध झाले. शोधाअंती तसे कोणीही सापडले नाही. सतर्कतेची बातमी देणे योग्यच होते, कारण यंत्रणा खरोखरच कामाला लागल्या होत्या आणि लोकांना ते कळायला हवे होते. पण अशा वेळी ‘उरणमध्ये दहशतवादी घुसले’ आणि ‘उरणमध्ये संशयित दिसल्याचे विद्यार्थ्यांचे म्हणणे, शोधमोहीम सुरू’ या दोन मथळ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दुसरा मथळा शोध संपल्यानंतरही खरा राहतो.

त्यातही साक्षीदार मूल असेल तर अधिक काळजी घ्यावी. मुलाला दहा कॅमेऱ्यांपुढे तीच गोष्ट दहा वेळा सांगायला लावली की दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. मूल खोटे बोलत असते असे नव्हे, समोरचा माणूस ज्या उत्तराने खूश होतो ते उत्तर ते देऊ लागते. त्यामुळे तपासही भरकटतो. मुलाचे नाव, शाळेचा गणवेश, बिल्ला, घराचे दार यांतले काहीही दाखवू नये, आणि त्याच्या आईने नकार दिला तर दुसरे दार ठोठावू नये.

कारवाई चालू असताना

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्या थेट चित्रण दाखवत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधील हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. ही संभाषणे खटल्याच्या नोंदींत आहेत. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या चित्रणावर कडक ताशेरे ओढले. चित्रणामुळे जवानांची प्रत्यक्ष हानी झाली का, हे सांगता येणार नाही, पण त्यांचे काम अवघड आणि धोक्याचे झाले यात शंका नाही, असे न्यायालयाने नमूद केले; वाहिन्यांनी राष्ट्रहित नव्हे तर आपले व्यापारी हित पाहिले, असेही म्हटले. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने डिसेंबर २००८ मध्ये स्वतःसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली, आणि मार्च २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट चित्रणास मनाई झाली: कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसारित करायची. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर केंद्राने अशीच सूचना सर्व माध्यमांना आणि समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनाही दिली.

नियम वाहिन्यांसाठी आहे म्हणून मोबाइलवर लाइव्ह जाणारा बातमीदार मोकळा सुटत नाही. समजा, घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मॉलमध्ये हल्लेखोर लपले आहेत. समोरच्या तिसाव्या मजल्यावरचा रहिवासी गॅलरीतून चित्रण करून ते आपल्याला पाठवतो. त्यात पोलिसांच्या गाड्या कोणत्या दाराशी आहेत, जवान किती आहेत, गच्चीवर कोण चढले आहे, हे सारे दिसते. ते चित्रण घ्यावे, जपून ठेवावे, आणि कारवाई संपल्याचे अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत त्यातली एक चौकटही टाकू नये. पाठवणाऱ्यालाही तसे स्पष्ट सांगावे. बहुतेक लोक ऐकतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आत अडकलेल्या माणसाला फोन करून ‘तुम्ही आता कुठे आहात’ असे विचारणे हा मला या कामातला सर्वांत मोठा अपराध वाटतो. तो माणूस कपाटात, स्वच्छतागृहात, टेबलाखाली श्वास रोखून बसलेला असतो. फोनची थरथरसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि त्याने दिलेले उत्तर प्रसारित झाले तर त्याला शोधणाऱ्याला पत्ताच मिळतो. त्याने स्वतःहून संपर्क केला तर त्याचे म्हणणे पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला कळवावे. हल्लेखोराशी फोनवर बोलून ते प्रसारित करणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, मग ते बोलणे कितीही ‘एक्स्क्लुझिव्ह’ असो.

लोकांकडून आलेल्या इतर चित्रफिती तपासताना लोकलच्या डब्याचा रंग, फलाटावरचे इंडिकेटर, लोकांचे कपडे, ऊन की पाऊस, दुकानांच्या पाट्यांवरची नावे पाहावीत. जुन्या स्फोटाची चित्रफीत नव्या घटनेची म्हणून फिरते, हे नेहमीचे आहे. पाठवणाऱ्याला मूळ फाइल मागावी आणि ‘तुम्ही स्वतः काढली का, त्याच्या आधीचे काय आहे’ एवढे विचारावे. ज्याने ती खरोखर काढलेली असते, तो लगेच उत्तर देतो.

नावे, याद्या आणि छायाचित्रे

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले, आणि त्यांतला एक आपल्या जिल्ह्यात, मीरा रोड-भाईंदर दरम्यान झाला. १८० हून अधिक माणसे त्या साखळी स्फोटांत गेली. त्या रात्री मी डेस्कवर होतो. एका रुग्णालयाच्या भिंतीवर हाताने लिहिलेली यादी चिकटवलेली होती. आमच्या बातमीदाराने ती फोनवर वाचून दाखवली आणि मी ती उतरवून घेतली. पावसाने शाई पसरली होती, असे तो मधूनच म्हणत होता. एक आडनाव आणि आद्याक्षर मी मृतांच्या रकान्यात लिहिले. सकाळी सहा वाजता एका बाईंचा फोन आला. त्यांनी पेपरमधले ते नाव वाचून दाखवले आणि म्हणाल्या, “हे इथे माझ्यासमोर चहा पीत बसलेत. मग ज्यांचं नाव खरं आहे, त्यांच्या घरी कळवलंत का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. नावासोबत वय आणि राहण्याचे ठिकाण मिळाल्याशिवाय नाव मृतांच्या यादीत जात नाही. यादी फोनवर वाचून घेतली असेल तर ती दुसऱ्या माणसाकडून ताडून घेतली जाते, किंवा तिचे छायाचित्र मागवले जाते. आणि पोलिसांनी वा रुग्णालयाने नातेवाइकांना कळवल्याची खात्री होईपर्यंत आपण नाव छापत नाही, मग शेजारच्या दैनिकाने किंवा वाहिनीने ते आधी दिले तरी चालेल. एखाद्या आईला आपला मुलगा गेल्याचे टीव्हीच्या पडद्यावरील खालच्या पट्टीतून कळावे, ही कल्पनाच सहन होत नाही.

छायाचित्रांत मृतदेहाचा चेहरा, तुटलेले अवयव, रक्ताने भरलेले कपडे नसावेत. चपला, डबा, छत्री विखुरलेली दाखवून काळजाला हात घालण्याचीही फार घाई नसावी. त्या वस्तू ज्या घरच्या आहेत, तिथले लोक त्या ओळखतात. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये नातेवाइकाच्या तोंडापुढे माइक धरण्यापूर्वी कॅमेरा बंद करून आपले नाव सांगावे, बोलायचे आहे का विचारावे, आणि नंतर नको वाटले तर ते काढून टाकू असेही सांगावे. बोलावेसे वाटणारे लोक असतात. त्यांना थांबवू नये, ते बोलतील तेवढे शांतपणे ऐकावे.

संशयित आणि त्याची वस्ती

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबून एक मथळा शब्दाशब्दाने तपासू. नमुन्यादाखल, डेस्कवर आलेली बातमी अशी आहे: ‘मुंब्रा पुन्हा हादरले! दहशतवाद्याचा अड्डा उद्ध्वस्त, मास्टरमाइंड गजाआड, चौकशीत धक्कादायक कबुली.’

‘पुन्हा’ या शब्दाने लाखो लोकांच्या उपनगराला गुन्हेगार ठरवले. कारवाई एका घरात झाली, हादरले ते घर. ‘दहशतवादी’ हा न्यायालयाचा निष्कर्ष होईल; आज तो माणूस अटक केलेला संशयित आहे, आणि आरोपपत्र दाखल झाल्यावर आरोपी. ‘अड्डा’ म्हणजे बहुधा भाड्याची खोली, जिच्या मालकाला आणि शेजाऱ्यांना उद्यापासून भाडेकरू मिळणार नाहीत. ‘मास्टरमाइंड’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही, आणि एकाच प्रकरणात चार वेळा चार वेगवेगळ्या माणसांना तो लावलेला मी पाहिला आहे. ‘कबुली’ तर सर्वांत घातक. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब सर्वसाधारणपणे न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात, आणि त्याआधी जुन्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात, हे स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये, माध्यमांच्या समांतर खटल्यांबाबत निकाल देताना, कायद्यातली ही बाजू वाचकाला न सांगता कबुलीजबाब पुरावा असल्याचे भासवू नये, असे बजावले आहे.

सुधारलेला मथळा असा होईल: ‘मुंब्रा येथून तरुणाला अटक, स्फोटकांचा साठा केल्याचा एटीएसचा आरोप, पोलीस कोठडीत रवानगी.’ तो लांब आहे आणि त्यात उद्गारचिन्ह नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द उद्या न्यायालयात जे काही होईल त्यानंतरही टिकेल.

हे मवाळपणाने सांगत नाही. माणसे मारण्यासाठी गाडीत बॉम्ब ठेवणे हा दहशतवाद आहे आणि कृत्याला तेच म्हणावे. सावधपणा ‘कोणी’ या शब्दाबाबत हवा. तसाच सावधपणा सर्वांना सारखा लावावा. मे २००८ अखेर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनाच्या पार्किंगमध्ये स्फोट होऊन सात जण जखमी झाले. तपासात हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित व्यक्तींना अटक झाली. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले आणि चौघांची निर्दोष मुक्तता केली. मुंब्र्यातल्या संशयितासाठी आपण जे शब्द वापरतो, तेच शब्द या प्रकरणातल्या संशयितांसाठीही वापरले होते का, हे प्रत्येक डेस्कने जुने अंक काढून पाहावे. तफावत आढळली तर त्याच दिवशी शब्दांची एक यादी करून भिंतीवर लावावी.

अटक केलेल्याचे छायाचित्र छापण्याआधी ओळख परेड झाली का, हे तपास अधिकाऱ्याला विचारावे. पोलीस संशयिताच्या चेहऱ्यावर बुरखा घालून आणतात, त्यामागचे कारण हेच असते: साक्षीदाराने पेपरमध्ये चेहरा आधीच पाहिला असेल तर त्याच्या ओळखण्याला न्यायालयात किंमत उरत नाही, आणि खरा गुन्हेगारही त्यामुळे सुटू शकतो. इमारतीचे नाव, विंग, मजला कधीही देऊ नये. संशयिताची बहीण, मुले, त्याच्या वडिलांचे दुकान हे बातमीचे विषय नाहीत. ‘सूत्रांनी सांगितले’ असे लिहायचे असेल तर निदान डेस्कवरच्या एका ज्येष्ठाला ते सूत्र कोण आहे हे माहीत असावे, आणि त्या सूत्राला ही माहिती बाहेर जावी असे का वाटते, याचाही विचार झालेला असावा.

ई-मेल, पत्रके, धमक्या

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला. तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातील इंटरनेट जोडणीवरून आल्याचे तपासात दिसले. तिथे एक परदेशी नागरिक राहत होता आणि त्याचा चेहरा देशभर झळकला. पुढे उघड झाले की, त्याच्या घरचे वायफाय खुले होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले; त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे वाक्य तांत्रिक वाटले तरी प्रत्येक बातमीदाराने ते समजून घ्यावे.

जबाबदारी स्वीकारणारे पत्रक आपल्याकडे आले तर मूळ स्वरूपात जपून पोलिसांना द्यावे. ते आल्याचे, त्यात कोणत्या नावाने दावा केला आहे आणि तो दावा अद्याप तपासलेला नाही, एवढे छापावे. संपूर्ण मजकूर, संघटनेचे चिन्ह, लोकांना भडकवण्यासाठी रचलेली वाक्ये छापू नयेत, कारण ते लिहिणाऱ्याला हवे असते ते नेमके तेच. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे मार्च २०१९ मध्ये ५१ जणांना मारणाऱ्याने आपला हल्ला इंटरनेटवर थेट दाखवला होता. तिथल्या पंतप्रधानांनी त्याचे नाव उच्चारणार नसल्याचे संसदेत सांगितले. आपण नाव पूर्ण टाळू शकत नाही, खटल्याच्या बातमीत ते लागतेच, पण त्याचा हसरा फोटो पाचव्यांदा छापण्याची गरज नसते.

शाळांना येणाऱ्या धमकीच्या ई-मेलची बातमी मुले सुरक्षित आहेत का, शाळा कधी सुरू होणार, यापुरती ठेवावी.

निकालाच्या दिवसापर्यंत

२००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) न्यायालयाने निर्दोष ठरवले. अटकेच्या दिवशी त्या सर्वांची छायाचित्रे पहिल्या पानावर होती. सुटकेची बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत आली पाहिजे, आणि तिच्याखाली ‘मग केले कोणी?’ हा मृतांच्या कुटुंबांचा प्रश्नही तेवढ्याच गांभीर्याने यायला हवा. एकाला न्याय देताना दुसऱ्याला विसरण्याची आपल्याला सवय आहे.

त्यासाठी कायद्याचे शब्द नीट वापरावेत. खटला चालून पुराव्याअभावी किंवा पुरावा नाकारून सोडले तर ‘निर्दोष मुक्तता’. आरोप निश्चितीआधीच वगळले तर ‘दोषमुक्त’. जामीन मिळाला तर ‘जामिनावर सुटका’. ‘सुटले’ हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी वापरला की वाचकाचा गोंधळ होतो आणि अन्यायही होतो.

डेस्कवर एक जाड वही ठेवावी आणि अशा प्रत्येक प्रकरणाला तिची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर घटनेची तारीख, अटक झालेल्यांची नावे, आपण त्यांच्याबद्दल पहिल्या दिवशी काय छापले त्याचे कात्रण. उजव्या पानावर आरोपपत्र, पुढच्या तारखा, न्यायालय, निकाल, अपील, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यापैकी आपल्याशी बोलायला तयार असणाऱ्यांचे संपर्क. वर्धापनदिनाची बातमी करायची असेल तर त्यांना आठवडाभर आधी फोन करावा, त्या दिवशी सकाळी नको. बातमीदार बदलला, नोकरी सोडून गेला, तरी वही नव्या माणसाच्या हाती द्यावी, आणि त्याने पहिल्या आठवड्यात डाव्या पानांवरची सगळी कात्रणे एकदा वाचून काढावीत.